एका घरी एकच जिवती

जिवतीचा कागद ही गोळा करून ठेवायची वस्तू नव्हे. आषाढाच्या अमावास्येला तो भिंतीवर चिकटवायचा, श्रावणातल्या दर शुक्रवारी त्याच्यासमोर लेकरांना पाटावर बसवून ओवाळायचं, आणि पोळ्याच्या अमावास्येला काढून निर्माल्यासोबत नदीत सोडायचा. महिनाभराचं त्याचं आयुष्य. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी आंजीच्या शेतकऱ्याची मुलगी, काही विलायतेतून आले नव्हते. तरीही अल्लीपूरला सून म्हणून आल्यावर आठ श्रावणांत मी जिवतीचे नऊ कागद जमवले आणि माझ्या लोखंडी पेटीत लग्नाच्या शालूखाली ठेवले.

लोक हल्ली मोठमोठ्या शहरांत चित्रांच्या मोजक्याच निघालेल्या प्रती घेतात, काचेत लावतात, पाहुण्यांना दाखवतात. त्यांना कोणी चोर म्हणत नाही. मला तेव्हा असं काही असतं हे ठाऊकही नव्हतं. मला एवढंच कळत होतं की हा कागद बुडवणं हा गाढवपणा आहे.

हे कागद हिंगणघाटच्या बाजारात एक म्हातारा छापत असे. एरवी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, खाचरांच्या म्हणजे छोट्या बैलगाड्यांच्या बाजूंवर मोर आणि कमळं काढायचा, आणि निवडणूक आली की गावोगावच्या भिंतींवर दोन्ही पक्षांची चिन्हं एकाच कुंचल्याने रंगवून दोघांकडून चहा प्यायचा. आषाढात मात्र तो बाकी कामं बंद ठेवून शिवणीच्या लाकडाच्या फळीवर जिवती कोरायला बसायचा. काजळी आणि जवसाच्या तेलाची शाई चिंधीच्या बोळ्याने फळीवर लावायची, वर कागद पसरायचा आणि काशाच्या वाटीच्या बुडाने घासायचा. मग पिवळा आणि गुलाबी रंग हाताने. अमावास्या झाली की ती फळी तो रंध्याने साफ करून टाकी. कागद महिनाभर राहणार आणि ठसा वर्षभर, हे त्याला पटत नसे. दर वर्षी नवीन कोरणं, दर वर्षी मोजकेच कागद.

चित्राची मांडणी ठरलेली. वर नरसिंह, त्याखाली कालियाच्या डोक्यावरचा कृष्ण, मधे जरा आणि जिवंतिका या दोघी देवी आपल्या लेकरांच्या गराड्यात, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. त्यात बदल करायला वाव नाही असं कोणालाही वाटेल. म्हाताऱ्याला तसं वाटत नव्हतं.

मी नवी नवरी होते तो बहात्तरच्या दुष्काळानंतरचा पहिला श्रावण. आमच्याकडे दुष्काळ बाकी महाराष्ट्राइतका नव्हता, पण खडी फोडायची कामं निघाली होती आणि तिथे लेकरांना खायला सरकारी सुकडी वाटत. सासूने जिवती चिकटवली, मी खळीचं भांडं धरून शेजारी उभी होते. मधल्या चित्रात जिवंतिकेच्या पायाशी एक लेकरू बसलं होतं. त्याच्या बरगड्या दिसत होत्या आणि हातात सुकडीची वाटी होती. देवीच्या दरबारात सुकडीची वाटी. मी सासूच्या तोंडाकडे पाहिलं, तिला काही दिसलेलं नव्हतं. तिने हळदीचं बोट बुडवलं आणि नेमकं त्या वाटीवरच टेकवलं.

पोळ्याच्या अमावास्येला निर्माल्य घेऊन मी नदीवर गेले. फुलं सोडली, आघाडा-दुर्वांची वाळलेली माळ सोडली. कागद हातातून सुटेना. शेवटी घडी करून पोलक्यात घातला आणि घरी आले. सासूने विचारलं, सोडलं का सगळं, आणि मी हो म्हटलं. एवढ्या सोप्या खोटेपणाचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

पुढच्या वर्षी बाजारात स्वतः जायचा हट्ट धरला. जरेच्या मनगटावर घड्याळ होतं, आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईच्या हातात असे तसं. मी दोन कागद मागितले. एक भिंतीला, एक मला. म्हणजे खोटं बोलायची वेळ यायला नको.

म्हातारा म्हणाला, "एका घरी एकच जिवती."

"शेजारणीसाठी पाहिजे, बाबाजी."

"मंग शेजारणीले पाठवजो."

त्याने काही दुसरा कागद दिला नाही. मोजके कागद आणि घरटी एक, हा त्याचा कायदा. त्याने जर त्या दिवशी दोन दिले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. भिंतीवरचा पूजलेला कागद मी रीतसर बुडवला असता आणि कोरा पेटीत ठेवला असता, आणि कोऱ्या कागदाबद्दल कोणी चकार शब्द काढला नसता. पण मला भिंतीवरचाच घ्यावा लागला, दर वर्षी.

त्यातूनच मला खोड लागली. ओल्या फडक्याने खळ भिजवून कागद न फाटता कसा सोडवायचा हे मी शिकले. आधीच्या छापात रेघ बारीक असते आणि नंतरच्या छापात शाई भरून डोळे बुजतात हे कळायला लागलं, म्हणून अमावास्येच्या आठवडाभर आधीच बाजार गाठू लागले. हळदीकुंकवाच्या डागांचा मला संताप यायचा. तेव्हा मी शुक्रवारची पूजाच माझ्याकडे मागून घेतली. मी कुंकू कडेला लावायची, काठाला, जिथे काही बिघडणार नाही. सासू खूश. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "धाकटीले लेकरू पाहिजे, म्हणून एवढ्या मनानं करून राह्यली." ते माझ्या कानावर यायचं. लेकरू नव्हतं याचं दुःख मला होतंच, ते काही खोटं नाही. पण त्या कागदासमोर बसून मी लेकरू मागत नव्हते. मी रेघा पाहत होते. लोकांना भक्ती दिसली, मी ती दिसू दिली, कारण ते सोयीचं होतं. ही माझी पहिली लबाडी नव्हे, पण सगळ्यात महाग पडलेली तीच.

आणीबाणीच्या वर्षीची गंमत तर विचारू नका. गावोगाव नसबंदीची धरपकड चाललेली, भिंती कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणांनी भरलेल्या. ते त्रिकोणही आमच्या म्हाताऱ्यानेच रंगवलेले. आणि त्या श्रावणात त्याने जिवंतिकेला लेकरं दिली दोनच. एक मांडीवर, एक खांद्याशी, बाकी जागा मोकळी. बायका खवळल्या. सरकारचं घरात चालतं ते पुरे झालं, आता जिवतीच्याही मांडीवर दोनच का, म्हणून कागद परत घेऊन त्याच्याकडे गेल्या. म्हाताऱ्याने निमूटपणे फळीच्या मोकळ्या जागेत लाकडाचा नवा तुकडा बसवून आणखी चार पोरं कोरली आणि नवे कागद छापले. मी आमचा दोन लेकरांचा कागद पेटीत टाकला आणि बाजारात जाऊन सांगितलं की आमचा बकरीने खाल्ला. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"खळ लावायच्या आधीच खाल्ला काय बकरीनं?"

"हो, बाबाजी."

"लई शिकेल बकरी हाये तुही," म्हणाला आणि सहा लेकरांचा कागद दिला. त्याला समजलं होतं असं मला वाटतं. त्या वर्षीचे माझ्याकडे दोन्ही झाले, म्हणून आठ श्रावणांचे नऊ.

घरात हे एकाच माणसाला ठाऊक होतं, माझ्या मोठ्या जावेला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत फारशी गेली नव्हती, पण तिच्याइतकं स्वच्छ डोकं त्या घरात कोणाचं नव्हतं. अंगात आलेल्या बाईलाही ती आधी ताप आहे का ते हात लावून पाहायची. एका दुपारी तिने मला पेटी उघडी टाकून बसलेली पकडलं. मी घाबरले. ती खाली बसली, एकेक कागद उचलून पाहू लागली आणि घड्याळवाल्या जरेपाशी थांबली.

"हिच्या हातात घड्याळ, आन् माह्या हातात शेण," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. त्यानंतर दर वर्षी अमावास्येला आम्ही दोघी आधी चित्रात नवीन काय ते शोधायचो. तिचा मुलगा आमच्या दोघींच्या मधे बसायचा. पाच वर्षांचा, घरातलं एकुलतं एक लेकरू. त्याच्या आधीची तिची दोन गेली होती.

माझ्या नवव्या श्रावणातल्या तिसऱ्या गुरुवारी त्याला ताप आला. शुक्रवारी सकाळी मी पाट मांडला, दिवा लावला, पण तो पाटावर बसेना. मान सुजली होती, थुंकी गिळता येत नव्हती. जावेने त्याला उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं. घशात साय धरल्यासारखा पांढरा थर होता. दुपारच्या एसटीने ती आणि मोठे दीर त्याला घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यात गेले. जाताना त्याचा श्वास दारातून ऐकू येत होता. पाट तसाच मांडलेला राहिला.

शनिवारी सकाळी निरोप आला की घटसर्प आहे, सुई दिली आहे, तीन-चार दिवस काही सांगता येत नाही. अंथरायला जुनी मऊ लुगडी पाठवा. मी विहिरीवर होते. सासूने तिच्याकडची लुगडी काढली, ती पुरेनात, म्हणून माझी पेटी उघडली.

मी डोक्यावर घागर घेऊन आले तेव्हा अंगणात नऊ जिवत्या ओळीने मांडलेल्या होत्या. बहुतेकींवर कडेला कुंकू, माझ्याच हाताचं. सासू भिंतीला टेकून बसली होती, आणि शेजारची म्हातारी काकू दारात उभी.

"हे काय होय?" सासूने विचारलं.

"जिवत्या."

"कोणाच्या?"

"आपल्याच, आत्याबाई. दरसालच्या."

"नदीवर नेत होती ना तू?"

घागर माझ्या डोक्यावरच होती. खोटं बोलायला जागा नव्हती. खरं काय सांगणार होते मी? घड्याळ पाहा, सुकडीची वाटी पाहा, रेघ किती बारीक आहे ती पाहा?

सासू ओरडणारी बाई नव्हती. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती सावकाश म्हणाली, "आठ वर्सं झाली, हिले तू वापस जाऊच देली नाई. लेकरं राखणारी बाई पेटीत कोंडून ठेवली, वरून शालू टाकला. आन् मी म्हणत होती, धाकटी केवढी भक्तीवाली."

दारातली काकू जे घरातलं कोणी बोललं नसतं ते बोलली. "जिचं पोट रिकामं, ते दुसऱ्याच्या लेकराची जिवती काऊन दाबून ठेवून राह्यली, इचारा तिले."

माझं डोकं फिरलं. आजही ते वाक्य आठवलं की फिरतं. पोराचा जीव घशाशी अडकलेला, आणि या बाईने मला दोन ओळींत चेटकीण करून टाकलं.

सासू म्हणाली, "आत्ताच्या आत्ता नदीवर नेजो सगळ्या. मंग घरात येजो."

मी घागर खाली ठेवली, नऊही कागद उचलले, छातीशी धरले आणि म्हणाले, "पोट्टं घरी येईन, मंग बुडवीन. तोवर एकालेही हात लावू देणार नाई."

हे हट्टाने म्हटलं, हे खरं. पण नुसता हट्ट नव्हता. त्या क्षणी मला सगळं अगदी लख्ख दिसत होतं. आता बुडवले आणि पोरगं वाचलं, तर मीच त्याचा गळा आवळून बसले होते हे ठरलं. बुडवले आणि पोरगं गेलं, तर उशीर केला म्हणून मीच. एकच वाट अशी होती की जिच्या शेवटी मी माणूस म्हणून या घरात राहू शकत होते: कागद माझ्याजवळ असताना पोरगं बरं होऊन आलं पाहिजे. माझा सुईवर विश्वास होता, डॉक्टरवर होता. मी पैज लावली, आणि ती कशावर लावली हे मला नीट कळलं नव्हतं.

रविवारी नवरा आला. तो हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, आठवड्याला एकदा घरी यायचा. येताना फाट्यावरच त्याला सगळं समजलं होतं, म्हणजे गावात सगळ्यांना समजलं होतं. मी त्याला कागद दाखवले. त्याने एकही नीट पाहिला नाही.

"सोडून दे ना नदीत. काय जाते तुह्यं?"

"मी काही केलं नाई. मग कशाले सोडू?"

तो थोडा वेळ बुटाच्या नाड्यांशी चाळा करत बसला. मग वर न पाहता म्हणाला, "तू खरंच काही केलं त नाई ना?"

नववं वर्ष चालू होतं लग्नाला. त्या एका प्रश्नासाठी मी त्याला कधी माफ केलं नाही, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला.

त्यानंतर पाऊस लागला. सोमवारी नाल्याच्या पुलावरून पाणी वाहू लागलं आणि एसटी बंद झाली. वर्ध्याहून माणूस येण्याची वाट बुजली. सासूने रविवारपासून भाकर सोडली होती. मला ती काही बोलत नव्हती. चूल मी पेटवायची, ताट वाढायची, ती ताटाला हात जोडून बाजूला सारायची. गल्लीतल्या ज्या बायका विरजण मागायला दिवसातून दोनदा यायच्या, त्या उंबऱ्याच्या बाहेरूनच सासूशी बोलून जायच्या. एकीने तर मला पाहून कडेवरच्या पोराच्या तोंडावर पदर ओढला. तिच्या मनात काय आहे ते मला कळलं, आणि मी मुद्दाम तिथेच उभी राहिले. राग होता तोवर मी ताठ होते.

खरी भीती मंगळवारी आली. दोन दिवस काहीच खबर नव्हती. दुपारी सासू कोठीतून त्या पोराचा लाकडी बैल घेऊन आली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून नेतात; त्याच्या बैलाचं एक शिंग मागच्या वर्षी मोडलं होतं आणि ते मीच खळीने चिकटवून दिलं होतं. सासू तो बैल मांडीवर घेऊन फडक्याने पुसत बसली.  पुसून झाला की पुन्हा पुसायची. तीन दिवस पोटात अन्न नसलेली ती बाई आणि तिच्या मांडीवरचा तो बैल पाहताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं: मी चुकत असेन तर?

एकदा हा प्रश्न आला की तो हलत नाही. मी शिकलेली, मॅट्रिक झालेली. घटसर्प कशाने होतो हे मी शाळेत वाचलं होतं. पण ते पोरगं तिकडे श्वास घेत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि मी इकडे नऊ कागद धरून बसले होते, स्वतःचं नाव राखायला. समजा हजारात एक वेळ सासू खरी असेल. त्या एका वेळेसाठी मी त्याचा जीव पणाला लावायचा? कोण मी? त्याला ओवाळायला पाट मांडणारी काकू ना?

आणि खोटं कशाला बोलू, सोडायचे असं मनाने घेतलं तेव्हा आधी आलं ते वेगळंच. दोन लेकरांचा तो एक तरी ठेवता येईल का, हे. त्याची मला एवढी लाज वाटली की मी उठलेच. पाऊस जरा उघडला होता. मी कागद पदराखाली घेतले आणि नदीवर गेले.

नदी गढूळ, काठावरची बाभळीची झुडपं अर्धी पाण्यात. मी एकेक कागद सोडला. प्रत्येक सोडताना पाहिला, शेवटचं पाहायचं म्हणून. शाई तेलाची असल्यामुळे रेघा पाण्यातही तशाच राहिल्या, गुलाबी तेवढा आधी गेला. वाटी गेली, घड्याळ गेलं. दोन लेकरांची जिवंतिका थोडा वेळ एका फांदीला अडकली. मी पुढे होऊन ती सोडवली. मग काही उरलं नाही, आणि मी तिथेच काठावर बसून मोठ्याने रडले, कोणासाठी ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

घरी येऊन सासूला सांगितलं, "सोडल्या. सगळ्या." तिने मान हलवली. उठली, चूल पेटवली, पीठ मळलं, दोन भाकरी टाकल्या. एक स्वतः खाल्ली आणि एक माझ्यासमोर ठेवली.

बुधवारी सकाळी ऊन पडलं. पुलावरचं पाणी उतरलं आणि पहिल्या एसटीने मोठे दीर आले. ते फाट्यावरून पळतच आले होते. "बोलून राह्यला. पेज पेला, अर्धी वाटी," एवढं म्हणाले आणि ओट्यावर बसून ढसाढसा रडले. सासूने भिंतीवरच्या यंदाच्या जिवतीपुढे डोकं टेकलं. गल्ली जमा झाली. काल संध्याकाळी जिवत्या सुटल्या, आज पोरगं बोललं. सगळ्यांचा हिशेब लागला होता.

मी दिरांना विचारलं, "कधी बोलला?"

"सोमवारी. सकाळी सकाळीच. नाल्यानं अडकून ठेवलं, नाईतर परवाच येत होतो सांगायले."

सोमवारी. मी तो शब्द सासूला, काकूला, जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हटला. "सोमवारी बोलला तो. मी मंगळवारी गेलती नदीवर. कागद पेटीत होते तेव्हाच बोलला."  मी जिंकले होते आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. एक पूल कोरडा राहिला असता, तर नऊही कागद आणि मी, दोन्ही शाबूत राहिलो असतो.

सासूने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "होय, बाप्पा. सोमवारीच तुह्या मनात आलं असन सोडायचं. तिले मनातलंही समजते." आणि सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. सोमवार कोणाच्या कामाचा नव्हता.

मग मी एकाच माणसाची वाट पाहत राहिले. जाऊ येईल. ती तिथे होती, सोमवार तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ती या सगळ्यांसमोर सांगेल, आणि तिने सांगितलं की कोणाची बोलायची छाती होणार नाही, कारण पोरगं तिचं. तीन आठवडे मी या एका आशेवर काढले. पोळा गेला, तान्हा पोळाही गेला. मग एका दुपारी ती त्याला घेऊन आली. पोरगं वाळून काडी झालेलं, आवाज घोगरा, पण चालत होतं. सासूने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी लांबूनच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात ती दगडावर त्याचे कपडे धूत होती. घरात कोणी नव्हतं. मी जाऊन शेजारी बसले.

"बाई, तो सोमवारी बोलला ना?"

"हो."

"मी मंगळवारी सोडले कागद."

"मालूम हाये मले." तिने सदरा पिळला, झटकला. "त्याच्याजवळ मीच बसलती."

"मग तुम्ही सांगा ना आत्याबाईले. तुमचं ऐकतीन त्या."

तिने दुसरा कपडा घेतला, साबण लावला.

"दवाखान्यात गावचे लोक भेटाले येत होते," ती म्हणाली. "एकेक जण तुही गोष्ट सांगे. मी म्हणे, कागदच त हायेत. मी सोता पाह्यले, हासली मी त्याईले पाहून. डॉक्टर सांगून राह्यला घटसर्प हाये, आन् तुम्ही काय लावून बसले. माह्या माहेरच्या लोकाईनं म्हटलं, जाऊ वाईट हाये तुही. मी भांडली त्याईच्यासंगं. पोट्ट्याचा श्वास मोजत बसलती, तवाही तुह्यासाठी भांडली. मले एका घडीलेही तुही भीती नाई वाटली."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला नाही, पण कपडा घासायचंही थांबवलं नाही.

"मंग बुधवारी समजलं, का तू सोताच जाऊन सोडले. कोणी हात धरून नेलं नाई, कोणी मारलं नाई. सोता गेली." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "तुले वाटलं ना, का खरंच असन म्हणून? त मंग मी कशाच्या भरवशावर राहू?"

तुमच्या पोरासाठी सोडले, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण नेमकं तेच तर ती म्हणत होती.

तेवढ्यात पोरगं घरातून बाहेर आलं. मला पाहून त्याने काकू म्हटलं, त्या घोगऱ्या आवाजात, आणि माझ्याकडे यायला निघालं. तिने ओले हात लुगड्याला पुसले, उठली, रागाने नाही, सावकाश जाऊन त्याचा हात धरला आणि त्याला आत घेऊन गेली.